घोट्याचा सांधा जोडायचा, तर दुर्बिणीने की उघडून?

(येरवडा येथे आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. परंतु सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला घरोघरची दुखणी आपोआप कळतात. बांगड्या नाहीतर डोरले काढून काउंटरवर ठेवताना बाई सांगते, "भाऊ, मालकांच्या घोट्याचं ऑपरेशन आहे. एक डॉक्टर म्हणतात उघडून करू, दुसरे म्हणतात दुर्बिणीनं करू. दुर्बिणीचं महाग आहे, पण चांगलं तेच ना?" हा प्रश्न मी एकदा नव्हे, वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. कर्जाचा कागद भरून देणे एवढेच माझे काम. पण ज्या गोष्टीसाठी घरातले सोने बाहेर पडते ती गोष्ट तरी काय आहे, हे समजून घ्यावे असे वाटले. जे वाचले, अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून जे पक्के करून घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम घोट्याविषयी. नडगीचे हाड, तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड आणि खालचे टॅलस नावाचे हाड अशा तीन हाडांचा हा सांधा. वरची दोन हाडे मिळून कमान होते आणि त्या कमानीत टॅलस पुढे-मागे झुलते. म्हणून आपला चवडा वर-खाली होतो. हाडांच्या तोंडावर गुळगुळीत कूर्चा असते; तिलाच आपण बोलीत गादी म्हणतो. ती झिजली की हाडावर हाड घासते आणि पाऊल टाकताच कळ येते.

गुडघा वयोमानाने झिजतो, हे आपण घरोघर पाहतो. घोट्याचे तसे नाही. तो आपणहून क्वचितच झिजतो. घोट्याच्या संधिवाताचे शंभर रुग्ण घेतले तर सत्तरांच्या आसपास रुग्णांना पूर्वी कधीतरी तेथे मार लागलेला असतो. हाड मोडलेले असते, किंवा पुन्हा पुन्हा मुरगळून आधाराचे बंध सैल झालेले असतात. राहिलेल्यांत आमवात, क्षयाची बाधा वगैरे कारणे येतात. आता आपली वस्ती डोळ्यांपुढे आणा. कल्याणीनगर, विमाननगरचे मजले चढले ते आपल्याच लोकांच्या हातांनी चढले. परांचीवरून घसरून टाचेवर आपटलेले गवंडी, प्लास्टरवाले, रंगारी आपल्या गल्लीत आहेत. शिवाय पुणे हे दुचाकींचे शहर. गाडी आडवी पडते आणि घोटा तिच्याखाली सापडतो. हाड जुळते, माणूस कामावर जातो, आणि काही वर्षांनी घोटा सुजू लागतो. म्हणजे हा आजार म्हाताऱ्यांचा नव्हे. चाळिशीतल्या, कमावत्या माणसाचा आहे. या विषयात खरी चिंता आहे ती ही.

ऑपरेशन हा अर्थातच शेवटचा उपाय. त्याआधी वजन कमी करणे, घोट्याला पट्टा किंवा बांधीव बूट, दुसऱ्या बाजूच्या हातात काठी, गोळ्या, सांध्यात इंजेक्शन असे सगळे करून पाहतात. त्याने भागले नाही तर सांधा कायमचा जोडून टाकतात. गादीचा उरलासुरला भाग खरवडून काढायचा, दोन्ही हाडांची तोंडे ताजी करायची, योग्य कोनात एकमेकांवर बसवायची आणि स्क्रूंनी आवळून ठेवायची. मोडलेले हाड जसे जुळते तशी ही दोन हाडे जुळून एक होतात. सांधाच उरला नाही म्हटल्यावर घासणे थांबते, घासणे थांबले की कळ थांबते. हालचाल देऊन वेदनेपासून सुटका विकत घ्यायची, असा हा व्यवहार आहे. बँकेच्या भाषेत बोलल्याबद्दल क्षमा करावी.

हा उपाय नवा नाही. १८७९ साली ऑस्ट्रियाचे शल्यचिकित्सक एडुआर्ड आल्बर्ट यांनी लुळ्या पडलेल्या पायाला आधार यावा म्हणून घोटा जोडल्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९५१ साली इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी हाडांतून सळया घालून बाहेरून शिकंज्याने ती एकमेकांवर दाबून धरण्याची पद्धत मांडली. दाब असेल तर हाड चांगले जुळते, ही त्यामागची कल्पना. बाहेरचा शिकंजा जाऊन आज आतले स्क्रू आले, पण दाबाचे तत्त्व तेच राहिले.

दुर्बिणीची गोष्ट अधिक रंजक आहे आणि ती आपल्या राहणीशी जुळणारी आहे. १९१८ साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आत पाहिले. त्यांना ही तळमळ का लागली? जपानी माणूस जमिनीवर गुडघे मोडून बसतो. क्षयाने गुडघा ताठरला की घरात, चारचौघांत बसणेच बंद. रोग लवकर ओळखता यावा म्हणून त्यांनी सांध्यात डोकावून पाहण्याचा मार्ग शोधला. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाला ही निकड एवढी भासली नसती. घोट्यात मात्र दुर्बीण उशिरा शिरली. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी लिहून ठेवले होते की घोट्याची फट इतकी अरुंद आहे की तेथे दुर्बिणीचा उपयोग नाही. पुढे दुर्बिणी बारीक झाल्या, पाय खाली ओढून फट रुंद करण्याची साधने निघाली, आणि १९८३ साली अमेरिकेत श्नायडर यांनी दुर्बिणीतून घोटा जोडल्याचा पहिला अहवाल दिला.

आता दोन्ही पद्धतींत नेमके काय करतात ते पाहू. उघड्या पद्धतीत घोट्याच्या पुढून किंवा बाहेरच्या अंगाने चार-पाच इंचांचा छेद घेतात. बाहेरून गेले तर ते बारीक हाड कापून बाजूला करावे लागते. सांधा पूर्ण दिसतो. वाकडे हाड कापून सरळ करता येते, खड्डा असेल तर कमरेच्या हाडातून तुकडा काढून भरता येतो, स्क्रूबरोबर पट्टीही बसविता येते. दुर्बिणीच्या पद्धतीत घोट्याच्या पुढच्या बाजूला आत आणि बाहेर अशी दोन लहान छिद्रे पाडतात. एकातून दुर्बीण जाते, दुसऱ्यातून खरवडण्याची व घासण्याची हत्यारे. चित्र पडद्यावर दिसते. हाडाच्या तोंडावर रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडतात. ते ठिपके म्हणजे हाड जिवंत असल्याची खूण. मग आणखी छोट्या छिद्रांतून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, दोन किंवा तीन स्क्रू भरतात.

मित्रहो, हे नीट लक्षात घ्यावे. आतले काम दोन्हीकडे एकच आहे. गादी काढणे तेच, कोन तोच, स्क्रू जवळपास तेच. बदलतो तो आत जाण्याचा दरवाजा. दुर्बिणीचे म्हणजे काहीतरी वेगळे, हलके, अर्धे ऑपरेशन अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही.

मग दरवाजा लहान असल्याचा फायदा काय? पुष्कळ आहे. घोट्यापुढच्या कातडीखाली मांसाचा थर नसतो, तेथे रक्तपुरवठा बेताचा. मोठ्या छेदाची कड काळी पडणे, जखम चिघळणे हे प्रकार तेथे इतर जागांपेक्षा अधिक. मधुमेह असलेल्याला, किंवा जुन्या अपघाताने जिथली कातडी आधीच चिकटून पातळ झाली आहे अशाला तर मोठा छेद धोक्याचाच. दुर्बिणीने कातडी आणि हाडाभोवतीच्या रक्तवाहिन्या बऱ्याच वाचतात, दुखते कमी, इस्पितळातला मुक्काम कमी होतो. बाहेरच्या छिद्राजवळून एक वरवरची नस जाते, तिला धक्का लागला तर पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येतो; तेवढा तोटा सांगितला पाहिजे.

अभ्यासांत काय दिसले? १९९१ साली अमेरिकेत मायर्सन आणि क्विल यांनी दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. दुर्बिणीच्या गटात हाड जुळायला सरासरी ८.७ आठवडे लागले, उघड्या गटात १४.५. आकडा ऐकून टाळी वाजवावीशी वाटते. पण दुर्बिणीच्या गटात कमी वाकडे घोटे घेतले होते, अवघड घोटे दुसऱ्या गटात गेले होते. सोपा पेपर मिळालेल्या मुलाला अधिक गुण पडले, तर त्यात शिकवणीचा वाटा किती आणि पेपरचा किती, हे कसे ठरवणार? २०१३ साली कॅनडातला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही पद्धतींचे तीस-तीस रुग्ण होते. दुर्बिणीच्या रुग्णांचा मुक्काम सरासरी २.५ दिवस, उघड्या पद्धतीत ३.७ दिवस. एक वर्षाने आणि दोन वर्षांनीही वेदना व चालणे या बाबतींत दुर्बिणीचे रुग्ण सरस ठरले. ऑपरेशनचा वेळ, हाडाचा कोन आणि गुंतागुंती मात्र दोहोंत सारख्याच. येथेही कोणाला कोणती पद्धत द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवले नव्हते. एकंदरीत माझे मत असे झाले आहे की, घोटा फारसा वाकडा नसेल, हाड गळून गेलेले नसेल आणि सर्जनचा हात दुर्बिणीवर बसलेला असेल, तर दुर्बीण सरस. पूर्वी दहा-पंधरा अंशांपेक्षा अधिक वाकडेपणा असला तर दुर्बीण नको म्हणत. आता हात बसलेले काही सर्जन त्याहून वाकडे घोटेही दुर्बिणीतून सरळ करतात. परंतु टॅलस खचून हाडात पोकळी झाली असेल, किंवा एकदा केलेला जोड फसला असेल, तर उघडून करणे हाच बहुधा सरळ मार्ग.

मधला मार्गही आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. दोन छोटे छेद घेऊन, दुर्बिणीशिवाय, नेहमीच्या हत्यारांनी सांधा खरवडायचा. १९९६ साली तो अमेरिकेत मांडला गेला. जेथे दुर्बिणीचा संच नाही किंवा त्याचा खर्च परवडत नाही, तेथे याविषयी जरूर विचारावे.

आता सोन्याकडे येतो. दुर्बिणीसाठी अधिकचा खर्च होतो तो संच, पंप, एकदाच वापरायची पाती यांचा. मुक्काम कमी झाल्याने थोडा परत मिळतो. परंतु एखाद्या घराने केवळ छेद लहान राहावा म्हणून दुप्पट कर्ज काढावे, असे मला वाटत नाही. मधुमेह आहे, कातडी खराब आहे, डॉक्टर कारण दाखवून दुर्बीण सुचवीत आहेत, तर गोष्ट निराळी. आणि खिडकीवर येण्याच्या आधी सरकारी योजनेची चौकशी करा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालेली योजना रोख पैसे न भरता उपचार देते. तिच्या यादीतल्या इस्पितळात आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी बसतो. आपल्या ऑपरेशनचे नाव यादीत बसते का, मंजुरी मिळेल का, हे त्याला ऑपरेशनच्या आधी विचारायचे असते. आधी पैसे भरून नंतर पावत्या घेऊन फिरणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

दुर्बिणीच्या पद्धतीत एक फसवणूक दडलेली आहे. ती कोणी मुद्दाम करीत नाही, पाय स्वतःच करतो. छिद्राचे टाके दहा-पंधरा दिवसांत सुकतात. सूज उतरते, दुखणे कमी होते आणि माणसाला वाटते, झाले. आत हाड मात्र आपल्याच गतीने जुळत असते. त्याला छेद मोठा होता की लहान हे ठाऊक नसते. सर्वसाधारणपणे सहा आठवडे पायावर भार नाही, मग प्लास्टर किंवा बुटात थोडाथोडा भार, आणि पूर्ण मोकळे चालणे अडीच-तीन महिन्यांनी, तेही एक्स-रे पाहून. काही सर्जन लवकर भार देतात, पण तो निर्णय त्यांचा. आमच्याकडे येणारे एक खातेदार, फरशी बसवण्याचे काम करणारे, चौथ्या आठवड्यात कामावर गेले. रोजंदारीच्या माणसाला घरी बसणे सोपे नाही, म्हणून मी त्यांना नावे ठेवीत नाही. स्क्रू तुटला, हाड जुळले नाही, आणि दुसऱ्या खेपेला उघडून, कमरेचे हाड घालून सगळे पुन्हा करावे लागले. म्हणून कर्ज काढायचेच असेल तर ऑपरेशनच्या बिलापुरते काढू नका. तीन महिन्यांचा किराणा आणि भाडे त्यात धरा. छेद लहान करण्यावर जाणारे पैसे घरी बसण्यावर खर्च केले, तर माझ्या हिशेबाने हाड जुळण्याची आशा अधिक.

हाड न जुळण्याचे प्रमाण चांगल्या हातातही शेकडा पाच ते दहाच्या घरात असते. ते वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट आपल्या खिशात असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि ते निकोटिन तंबाखू-चुन्यात आहे तसेच मिशेरीतही आहे. भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. दात घासण्याचा पदार्थ म्हणून मिशेरीचे नाव डॉक्टरांना कोणी सांगतच नाही.

आता जे कोणत्याही पुस्तकात आपल्या घराला बेतून लिहिलेले नाही, ते बोलू. घोटा जोडला म्हणजे पाऊल नडगीशी काटकोनात पक्के होते, टाच किंचित बाहेर कललेली. सपाट रस्त्यावर माणूस चांगला चालतो. पावलाचे पुढचे सांधे थोडी हालचाल भरून काढतात, आणि अनोळख्याला लंगडणे चटकन कळतही नाही. मांडी घालून जेवायला बसता येते, कारण त्यात काम गुडघ्याचे आणि खुब्याचे. पण उकिडवे बसताना टाच जमिनीला टेकवून नडगी पुढे झुकावी लागते. ती आता झुकणार नाही. आपल्या गल्लीच्या टोकाचे सार्वजनिक शौचालय भारतीय बैठकीचे. पोटमाळ्याची शिडी उभी. धुणे, भांडी, फरशी बसवणे, शेताकडे गेल्यास खुरपणे, सगळे उकिडवे. परदेशातल्या अभ्यासांच्या प्रश्नावलीत हे बहुधा नसतेच. तेथे कमोड असतो आणि खुर्ची असते. हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना सांगा आणि घरीही ठरवा. भोक असलेली खुर्ची किंवा बैठकीवर ठेवायचा लोखंडी घोडा मिळतो. पहिले सहा आठवडे एका पायावर कुबड्यांनी गल्लीच्या ओल्या फरशीवरून रात्री जाणार कसे? माझ्या मते दुर्बीण की छेद या चर्चेपेक्षा हा प्रश्न आधी सुटायला हवा. एक दिलासा असा की, ज्याचा घोटा झिजला आहे त्याचे उकिडवे बसणे ऑपरेशनच्या आधीच बहुधा गेलेले असते.

कोणी विचारील, गुडघ्यासारखा कृत्रिम घोटा का बसवू नये? बसवतात. २०२२ साली ब्रिटनमधल्या १७ इस्पितळांतील ३०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात चिठ्ठी टाकूनच गट पाडले होते. वर्षाअखेर दोन्ही गटांना चांगला आराम पडला आणि चालण्यात दोहोंत ठळक फरक दिसला नाही. पण कृत्रिम सांधा झिजतो, ढिला होतो. चाळिशीत ओझी वाहणाऱ्याला डॉक्टर बहुधा जोडच सुचवतात, त्याचे कारण हे.

जोडाचाही एक दूरचा हिशेब आहे. घोटा थांबला की त्याचे काम खालच्या, शेजारच्या सांध्यांवर पडते. २००१ साली अमेरिकेतील आयोवाच्या डॉक्टरांनी जोड केलेल्या २३ जणांना सरासरी २२ वर्षांनी पुन्हा तपासले. बहुतेकांचे शेजारचे सांधे झिजलेले आढळले. ऑपरेशन दुर्बिणीचे असो वा उघडे, हे दोन्हींना लागू आहे. तळाला पुढून वर उचललेला, झोपाळ्याच्या बुडासारखा गोल बूट घातला तर पाऊल पुढे ढकलणे सोपे जाते आणि त्या सांध्यांवरचा ताण हलका होतो. घरातही अनवाणी न फिरता मऊ तळाची चप्पल वापरावी.

आणि एक्स-रेच्या फिल्मा सांभाळा. आपल्याकडे त्या पत्र्याखाली खोचून ठेवतात आणि पहिल्याच पावसात चिकटून जातात. वीस वर्षांनी शेजारचा सांधा दुखू लागला तर त्या वेळच्या डॉक्टरांना जोड कोणत्या कोनात झाला होता, हे त्याच फिल्मेवरून कळणार आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तारीख टाकून, रेशनकार्डाबरोबर ठेवा. आता ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी विचारावे. मघापासून मागे एक गृहस्थ फिल्म हातात धरून उभे आहेत, त्यांनी बसून घ्यावे. ती मला वाचता येत नाही, पण योजनेचा अर्ज कसा भरायचा तेवढे मी जरूर सांगेन.